गवत आम्ही कापलं नाही

वरची चौकी
६ ऑगस्ट

आत्या,

मला फोनवर बोलायला जमत नाही हे तुला माहितीये. इथे वर रेंजही नाही, त्यामुळे कोणाला कारण सांगावं लागत नाही. पत्र जीपवाल्या काकांकडे देतेय. आज त्यांनी शिधा आणला आणि शिध्याच्या पोत्यावर ठेवून एक नोटीस आणली. तुझ्याच ऑफिसची. बाबांना.

नोटिशीत काय आहे ते सांगते. वरच्या चौकीचा रखवालदार आणि त्याच्या घरचे उद्यानाच्या हद्दीत गवत कापतात, दगडांच्या फटीत वाळत घालतात आणि गुरांसाठी खाली पाठवतात. म्हणून खिंडीखालचा उतार 'मानवी वापराने बिघडलेला' आहे. आणि बिघडलेलाच आहे तर तो उद्यानातून काढून टाकावा आणि त्याच्यावरून वरच्या पॉइंटपर्यंत गाडीरस्ता न्यावा. सर्वेक्षण करून असं ठरलंय म्हणे. बाबांनी महिनाअखेरपर्यंत चूक कबूल करून सही दिली तर कारवाई नाही. नुसती खालच्या फाटकावर बदली.

आत्या, घरचे म्हणजे मी. आणि आमच्याकडे विळासुद्धा नाही.

ते गवत गवतशेठचं आहे. तू कधी वर आली नाहीस म्हणून सांगते. गवतशेठ म्हणजे मुठीएवढा प्राणी, सशाच्या भाऊबंदातला, पण कान गोल आणि शेपटीचा पत्ताच नाही. दगडांच्या राशीत राहतो. थंडीत बाकीचे झोपा काढतात, हा काढत नाही. म्हणून उन्हाळाभर गवत-पाला-फुलं तोडतो, उन्हात पसरतो, वाळलं की दगडाखाली रचतो आणि बर्फ पडलं की आत बसून खातो. साठा करतो आणि कोणी जवळ गेलं की अंगावर ओरडतो, म्हणून बाबांनी शेठ नाव ठेवलं. एका एका शेठची गंजी माझ्या गुडघ्याएवढी होते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, कोणीतरी बाईने बसून रचलीये.

बाबा म्हणाले, "कागदच आहे गं पोरी. सही करून टाकू. त्यांच्याशी कोण तोंड लावणार?"

एकोणीस वर्षं ते इथे आहेत. वाटेत आडवी आलेली फांदीसुद्धा मोडत नाहीत, वाकून जातात. आता त्यांचा गुडघा वाकत नाही म्हणून वरची फेरी मी मारते. वाकून जाते.

तू तिथे बसतेस. काय करायचं ते कळव.

तुझी घुमी


मुख्य कार्यालय
११ ऑगस्ट

घुमे,

पत्र मिळालं. चार ओळींच्या वर कधी लिहीत नाहीस, म्हणून पाकीट जाड लागलं तेव्हाच उभ्या उभ्या फोडलं.

नीट ऐक. तुझ्या बाबाला सही करू दे. मी या ऑफिसात सव्वीस वर्षं टाइप करतेय. नोटिशीला उत्तर दिलं की दुसरी नोटीस येते, आणि तिला उत्तर दिलं की माणसं येतात. सही केली की फाइल बंद. बदली खालच्या फाटकावर आहे, म्हणजे सपाट जागा, जवळ दवाखाना, त्याच्या गुडघ्याला बरंच. तुलाही बरं. नववीत शाळा सोडलीस, त्यालाही दोन वर्षं झाली. दगडांत फिरून माणूस दगड होतो. खाली आलीस की दहावीला बाहेरून बसता येईल.

तुला रस्त्याचं वाईट वाटतंय ते कळतं. पण एवढ्या मोठ्या डोंगरातला एक उतार गेला तर डोंगर काही रडत बसणार नाही. आणि तू लढणार कशी, सांग ना मला! वर्गात बाईंनी उभं केलं की तुझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. तुझा बाबाही तसलाच. लहानपणी त्याचं दप्तर कोणी पळवलं तर मी भांडायला जायचे, हा मागे उभा राहून म्हणायचा, "जाऊ दे ना ताई." आता मी भांडायला येऊ शकत नाही. नोकरीची तीन वर्षं राहिलीत माझी.

हट्ट करू नकोस. उबेत राहा, तिकडे आत्ताच गारठा असेल.

आत्या


वरची चौकी
१८ ऑगस्ट

आत्या,

सही होणार नाही. नोटीस मी लपवलीये. बाबा विचारतात, मी म्हणते शोधतेय. ते समजले असणार, कारण चौकीत एकच खोली आहे आणि एकच फळी. पण ते काही बोलत नाहीत आणि मीही. आमच्या घरात हे असंच चालतं, तुला माहितीये.

डोंगर रडणार नाही म्हणालीस. बरोबर आहे. पण तू ज्याला एक उतार म्हणतेस त्याच्यावर काय काय आहे ते ऐक. गवतशेठची तेहतीस घरं आहेत, मी मोजलीयेत. घोट्याएवढी उंच झाडं आहेत. हसू नकोस, झाडंच आहेत ती, खोड आहे, साल आहे, आणि बाबा म्हणतात त्यातली काही तुझ्याहून वयाने मोठी आहेत. मे महिन्यात कड्यावरच्या रानबकऱ्या पिल्लं घेऊन तिथेच उतरतात, कारण बर्फ सगळ्यात आधी तिथलं वितळतं. निळी काटेरी फुलं आहेत, त्यांच्यात गार दिवशी भुंगे झोपलेले असतात. आणि गवतशेठ घर सोडून लांब जात नाही. चाळीस-पन्नास पावलं, बस. वर गरुड फिरत असतो ना. रस्ता मधून गेला तर एकाचं घर इकडे आणि गवत तिकडे. आणि ऊन त्याला सोसत नाही, खाली कुठे जाऊन राहू म्हणाला तर मरेल. त्याची खालच्या फाटकावर बदली होऊ शकत नाही, आत्या.

आणि सर्वेक्षण कोणी केलं ते मला माहितीये. गळ्यात दुर्बीण घालून एक साहेब आले होते जुलैत. चौकीजवळच्या खालच्या वळणापर्यंत जीपने आले. तिथून उतारावर जायला तासभर चढ आहे. ते म्हणाले दम लागतो, धुकं आहे, बघू. वळणावरच्या दगडावर बसले, दुर्बीण लावली, चहा प्यायले, गेले. चहा मीच दिला. मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तरी मी बोलले असते की नाही काय माहीत. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पाकिटात दोन पुड्या आहेत. पहिल्या पुडीत गंजीतल्या काड्या आहेत. त्यांची टोकं बघ. विळ्याने कापलं की एक सरळ काप येतो. हे कुरतडलेलं आहे. दुसऱ्या पुडीत रुंद पान आहे. तोंडात घालू नकोस, हात धू! विषारी आहे. रानबकरी ते हुंगून पुढे जाते. पण गवतशेठ ते मुद्दाम आणतो आणि गंजीच्या तळाशी घालतो. ज्या गंजीत ते जास्त तिथलं गवत वसंतातही कुजलेलं नसतं. आणि तोवर त्याचंही विष उतरलं असावं, कारण मग तो तेही खातो. पुस्तकात काय लिहिलंय मला माहीत नाही, मी बघितलंय ते सांगते.

आता तूच सांग. गुरांसाठी गवत कापणारा माणूस त्यात विष कालवेल का?

घुमी


मुख्य कार्यालय
२५ ऑगस्ट

घुमे,

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. तो अहवाल मीच टाइप केलाय.

जुलैच्या शेवटी माझ्या टेबलावर आला. 'वरच्या चौकीचा रखवालदार' हे शब्द मी माझ्या बोटांनी उमटवले. दोन मिनिटं हात थांबला. मग पुढची ओळ घेतली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही सांगितलं नाही, उलट तुलाच चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्या. तुझ्या बाबाच्या 'जाऊ दे ना'ला हसणारी मी. काय म्हणायचं ते म्हण.

काड्या पाहिल्या. साहेबांच्या टेबलावरचं भिंग जेवणाच्या सुट्टीत आणलं. टोकांवर बारीक दातांच्या खुणा आहेत, दोन-दोन, शेजारी शेजारी. आमच्या इथल्या नकाशेवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, "बाई, हे कोणीतरी चावलंय." मी म्हटलं, "मग रखवालदार चावतो असं लिहायचं का?"

तर मी एक काम केलंय. तुझं पत्र, जसं आहे तसं, तुझ्या चुकांसकट टाइप केलं. वर लिहिलं, 'नोटिशीला उत्तर'. दोन्ही पुड्या पिन मारून जोडल्या आणि फाइल मोठ्या बाईंच्या, म्हणजे उद्यानाच्या प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. मधल्या तीन साहेबांना वगळून. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "ही मुलगी कोण?" म्हटलं, "भाची." म्हणाल्या, "शिकलीये किती?" म्हटलं, "नववी." त्या पुडीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी जाऊन बघते."

नऊ सप्टेंबरला येतायत. दुर्बिणवाले साहेबही बरोबर. नोटिशीची मुदत तोवर थांबवलीये. घुमे, त्या दिवशी माझा टाइपरायटर तिथे नसेल. तुला तोंड उघडावं लागेल.

आत्या


वरची चौकी
११ सप्टेंबर

आत्या,

तू टाइप केलंस त्याचं मला वाईट वाटलं. खूप. दोन दिवस तुझं पत्र उलटं ठेवलं होतं. मग वाटलं, मी तरी चहा देऊन गप्पच बसले होते. आता आपण दोघी सारख्या.

ते आले. चौघं. मोठ्या बाई, दुर्बिणवाले साहेब, एक छोटे साहेब आणि जीपवाले काका, जे उगाच आले, म्हणाले बघायचंय. बाबा चौकीच्या दारातच थांबले. बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "मला चढवत नाही, पोरगी नेईल." आणि मला हळूच म्हणाले, "नोटीस पिठाच्या डब्यात आहे ना? राहू दे तिथेच." मी मान हलवली आणि वाट धरली.

वर जाईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. दुर्बिणवाले साहेब दर वळणावर थांबायचे आणि दम लागलाय असं न म्हणता देखावा बघायचे. छोटे साहेब म्हणाले, "अगं, काही माहिती सांग ना!" मी पुढे चालत राहिले. जीपवाले काका म्हणाले, "तिची माहिती वर आहे, चला."

गंजीपाशी पोचलो. साहेब लगेच म्हणाले, "बघा मॅडम. किती व्यवस्थित रचलंय! हे जनावराचं काम वाटतं का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आत्या, वर्गात व्हायचं तेच झालं. कानात शिट्टी वाजायला लागली. शब्द डोक्यात होते, खाली उतरेनात. मग मी म्हटलं, "बसा."

एवढंच निघालं. साहेब म्हणाले, "काय?"

"बसा. हलू नका."

बाई बसल्या. दगडावरच, नुसत्याच. मग बाकीच्यांना बसावं लागलं. मला वाटलं होतं शेठ पाच मिनिटांत येईल. पण यांना गप्प बसताच येत नाही गं! छोट्या साहेबांच्या फोनमधून सारखं काहीतरी टुंग व्हायचं, इथे रेंज नाही तरी. साहेब खाकरायचे. जीपवाले काका तंबाखू मळायला लागले, त्यांच्याकडे मी नुसतं बघितलं, त्यांनी मूठ मिटली ती शेवटपर्यंत. अर्धा तास गेला. साहेब उठायला लागले. "मॅडम, वेळ फुकट—"

बाईंनी हात वर केला.

शेठ आला होता. माझ्या समोरच्या दगडावर. तोंडात पिवळ्या फुलाचा झुबका, दोन्ही बाजूंनी मिशांसारखा. थांबला, आम्हाला बघितलं, आणि त्याला घाई होती बहुतेक, कारण सरळ छोट्या साहेबांच्या बुटावरून गेला. गंजीवर चढला, फुलं ठेवली, पायांनी दाबली, नाकाने एक काडी सारखी केली आणि परत पळाला. पुन्हा आला. पुन्हा. बाई बोटांवर मोजत होत्या. तेरा खेपा. चौदाव्या वेळी साहेबांनी पाय लांब केला तर तो त्यांच्यासमोर उभा राहून असा ओरडला, असा ओरडला!

जीपवाले काका म्हणाले, "साहेब, नोटीस देतोय तुम्हाला."

बाई हसल्या. साहेब लाल झाले. म्हणाले, "एक उंदीर दिसला म्हणून एवढं सगळं गवत त्याचंच कशावरून? वरवर तो आणत असेल. खाली माणसाने कापलेलं असणार."

मग मला काय झालं माहीत नाही. मी वाकले, गंजीच्या तळातून रुंद पान ओढलं आणि त्यांच्या पुढे धरलं. "हे खाऊन बघा, साहेब."

"म्हणजे?"

"गुरांसाठी कापलंय म्हणालात ना. मग खाऊन बघा. गाय मरेल याने. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला नुसत्या उलट्या होतील."

साहेबांनी मान मागे घेतली. मी बोलत राहिले. तेहतीस घरं, रानबकऱ्या, घोट्याएवढी झाडं, सगळं. आवाज इतका बारीक की बाई पुढे सरकून बसल्या. शेवटी त्यांनी साहेबांना विचारलं, "जुलैत तुम्ही नेमके कुठे बसून निरीक्षण केलंत?"

"इथेच. म्हणजे, त्या बाजूला."

"खालच्या वळणावर," मी म्हटलं. "दोन कप चहा घेतलात."

उतरताना बाई म्हणाल्या, आरोप मागे घेऊ. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग झालं." पण मला वाटतं झालं नाही. रस्त्याचं त्या काहीच बोलल्या नाहीत. तू बघशील?

घुमी


मुख्य कार्यालय
२२ सप्टेंबर

घुमे,

'खाऊन बघा' हे ऑफिसभर झालंय. शिपाई चहा आणतो आणि म्हणतो, "खाऊन बघा, बाई."

तुझी शंका बरोबर होती. काल मधल्या तिन्ही साहेबांनी मला आत बोलावलं, दार लोटलं, खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच समजले. पुढे कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं की 'वन्यप्राण्याने' या शब्दाच्या जागी 'रखवालदाराने व त्याच्या घरच्यांनी' असं टंकलेखिकेच्या नजरचुकीने छापलं गेलं. तेवढं दुरुस्त करून बाकीचा अहवाल कायम. खाली माझी सही.

मी म्हटलं, "साहेब, बोट घसरून एक अक्षर चुकतं. माझं बोट घसरून अख्खं कुटुंब कसं छापलं जाईल?"

ते म्हणाले, तुमच्या भावावरचा डाग जातोय, तुम्हालाच बरं. शिक्षा काही नाही, नुसती समज. मी कागद घरी आणला. आणि खोटं कशाला बोलू, पेन काढलं होतं. तीन वर्षं राहिलीत, आरोप जातोय, कोणाचं काय बिघडतंय? मग मी बाकीचा अहवाल वाचला. टाइप करताना वाचत नाही आपण, नुसतं उमटवतो. अकराव्या पानावर आहे: 'उतारावर नोंद घेण्यासारखे प्राणी व वनस्पती नाहीत. रस्त्यास योग्य.' मी सही केली की हे पान खरं ठरतं. गवत कोणाचं का असेना, रस्ता तिथूनच.

आमच्यात एक पद्धत आहे. हाताने लिहिलेला कच्चा मसुदा टंकलेखकाने वर्षभर जपून ठेवायचा, पुढे चुकीचं खापर आमच्यावर फुटू नये म्हणून. तो आज कपाटातून काढला. पहिल्याच पानावर साहेबांच्या अक्षरात, 'निरीक्षणाचे ठिकाण: खालचे वळण.' त्याच्यावर काट. शेजारी त्याच शाईत, 'वरचा उतार.'

मी त्यांच्या कागदावर सही केली नाही. दुसरा कागद घातला आणि चार ओळी टाइप केल्या. माझ्याकडून कोणतीही चूक झालेली नाही, मसुदा सोबत जोडला आहे, वरच्या उतारावर सर्वेक्षण झालेलंच नाही. मसुद्याच्या दोन नकला काढून घेतल्या. मूळ प्रत मोठ्या बाईंच्या हातात दिली, त्यांच्यासमोर उभी राहून. दार उघडं होतं. बाहेर सगळे टायपिंग थांबवून ऐकत होते.

दुपारी माझी बदली झाली. तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत. मशीन काढून घेतलं, म्हणून हे हाताने लिहितेय. अक्षर लागत नसेल तर लावून घे. इथे खाली छान गार आहे आणि कोणी साहेब येत नाही. तुझ्या बाबाला सांग, आज त्याची ताई भांडून आलीये.

आत्या


वरची चौकी
७ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र बाबांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा उठून बाहेर गेले. आले तेव्हा नाक लाल होतं, म्हणाले थंडी आहे. मग म्हणाले, "तळघरात ओल असते, तिला म्हणावं पायात मोजे घाल." घाल.

काल पहिलं बर्फ पडलं. उतार अर्धा पांढरा झालाय. शेठ लोक आत गेले, मधूनच दगडाखालून शिट्टी ऐकू येते. जीपवाले काका म्हणाले ही या वर्षीची शेवटची खेप, पुढे वाट बंद. त्यांनी मोठ्या बाईंचं पत्र आणलं. बाबांना नाही, मला. पाकिटावर माझं नाव टाइप केलेलं मी पहिल्यांदा बघितलं. अक्षरं वाकडी होती, तुझ्यानंतर कोणी शिकाऊ बसवलाय वाटतं.

अहवाल मागे घेतलाय. पण रस्ता रद्द केलेला नाही. आधी नोव्हेंबरात समिती बसणार. रस्तेवाले येणार, हॉटेलवाले येणार, दुर्बिणवाले साहेब नकाशे घेऊन येणार. उतार उद्यानात ठेवायचा की काढायचा ते त्याच दिवशी ठरवणार. बाईंनी लिहिलंय की त्यांचं एक मत आहे, आणि एका मताने भागणार नाही. उतार ज्याने बारा महिने बघितलाय असं कोणीतरी तिथे बोललं पाहिजे. बाबा म्हणाले ते स्वतः नको, दोन वर्षं वरची फेरी मीच मारतेय. तेवढं एक वाक्य ते एका दमात बोलले.

पत्राबरोबर फॉर्म आहे. त्यात 'शिक्षण' असा रकाना आहे. छोट्या साहेबांनी काकांबरोबर निरोप पाठवलाय की तो रिकामा सोड, नाहीतर ते लोक तुला तिथेच खाली बसवतील. मी मोठ्या अक्षरात नववी लिहिलंय. त्याखाली जागा होती, तिथे तेहतीस घरं कुठे कुठे आहेत ते लिहिलं. जागा पुरली नाही, मग मागे लिहिलं.

मी याच जीपने खाली येतेय, काका इंजिन चालू ठेवून ओरडतायत. बाबा वरच राहतायत, शिधा भरून ठेवलाय. समिती बसेपर्यंत तुझ्याकडे राहीन. कोपरा दे, जास्त जागा लागत नाही मला. सभागृहात साठ खुर्च्या आहेत म्हणे आणि बोलायला मधोमध उभं राहावं लागतं. भीती वाटतेय. तिथे उभी राहिले की कानात शिट्टी वाजणार हेही मला माहितीये.

वाजू दे. मी बोलणार. मध्येच कोणी माईक पुढे केला तर घेणार नाही. माझा आवाज बारीकच निघणार आहे, आत्या. ज्यांना तो उतार हवाय त्यांना गप्प बसून ऐकावं लागेल.

घुमी